हुकमी भिडू देऊन टाकला!

मुलांनो, तुमच्या गल्लीत भिडू कसे वाटून घेतात? दोन कॅप्टन ठरतात, छापा-काटा होतो. जो जिंकतो तो धावत जाऊन सगळ्यांत दांडग्या मुलाचा हात धरतो. मग दुसरा कॅप्टन, मग पुन्हा पहिला. असं करत करत शेवटी एकटंच कुणीतरी उभं राहतं. त्याला कुणी मागितलेलं नसतं, नाइलाजाने घेतलेलं असतं. तेच ते कच्चं लिंबू!

आता समजा, कुणी असा नियम केला की काल जो संघ सपाटून हरला, त्यानेच आज पहिला भिडू मागायचा आणि काल जो जिंकला त्याने सगळ्यांत शेवटी. चालेल तुम्हाला? जिंकणारे नक्की भांडतील. पण अमेरिकेत एक फार मोठा खेळ नेमका याच नियमाने चालतो. नव्वद वर्षं होत आली, तरी नियम टिकून आहे.

हा खेळ म्हणजे अमेरिकन फुटबॉल. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे, बरं का! यात चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो, आणि तो बहुतेक वेळा हातातच असतो. एका बाजूला अकरा खेळाडू. चेंडू घेऊन समोरच्याच्या हद्दीत घुसायचं. चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू गेला! यार्ड म्हणजे आपला वार. आजीच्या नऊवारी लुगड्यातला असतो ना, तोच वार. हद्दीपासून हद्दीपर्यंतचं मैदान शंभर वारांचं.

या खेळात प्रत्येकाचं काम वेगळं. क्वार्टरबॅक हा संघाचा मेंदू. चेंडू कुणाकडे फेकायचा, कधी फेकायचा, हे तो दोन-तीन सेकंदांत ठरवतो. रनिंग बॅक चेंडू पोटाशी धरून गर्दीतून पळत सुटतो. रिसीव्हर लांब पळत जाऊन झेल घेतो. आणि पाच आडदांड गडी क्वार्टरबॅकच्या पुढे भिंतीसारखे उभे राहतात. त्यांचं नाव फारसं कुणाला माहीत नसतं, पण ती भिंत कोसळली तर मेंदू असून उपयोग काय? शिवाय समोरच्यांना अडवणारे अकरा जण निराळेच.

तिथल्या मोठ्या स्पर्धेचं नाव नॅशनल फुटबॉल लीग. आज तिच्यात बत्तीस संघ आहेत. सामने सप्टेंबरात सुरू होतात, फेब्रुवारीत अंतिम सामना, म्हणजे 'सुपर बोल' होतो. मग मैदानं ओस पडतात, पण संघांच्या कचेऱ्यांत दिवे जळत राहतात. कोण म्हातारा झाला, कुणाचा गुडघा गेला, कुणाचा करार संपला, कोण नुसताच जागा अडवून बसलाय, याचा हिशेब चालू असतो. घरात वाणसामानाची यादी करताना आई आधी डबे उघडून बघते ना? तसंच! कारण एप्रिलच्या अखेरीस कॉलेजांतून बाहेर पडणारी नवी पोरं वाटून घ्यायची असतात. या वाटपाला म्हणतात 'ड्राफ्ट'.

ही कल्पना बर्ट बेल नावाच्या गृहस्थाची. त्यांचा फिलाडेल्फिया ईगल्स संघ १९३५ साली अगदी तळाला होता. चांगली पोरं श्रीमंत, जिंकणाऱ्या संघांकडे जात. त्यामुळे जिंकणारे जिंकतच राहत आणि हरणारे हरतच. बेल यांनी सुचवलं की शेवटच्याने आधी मागावं. गंमत म्हणजे न्यूयॉर्क आणि शिकागोच्या बलाढ्य संघांचे मालकही याला 'हो' म्हणाले. सामना कुणी जिंकायचा हे आधीच ठरलेलं असेल, तर बघायला येणार कोण?

पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात झाला. नऊ संघ होते. फळ्यावर नव्वद नावं लिहिली होती. हो, आपल्या वर्गातल्यासारख्या साध्या फळ्यावर! अगदी पहिलं नाव मागितलं गेलं ते जे बरवँगर या शिकागो विद्यापीठाच्या खेळाडूचं. आणि हा पठ्ठ्या व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही! पैशांचं जमलं नाही, त्याने रबराच्या कंपनीत नोकरी धरली. त्याला कॉलेजात मिळालेला मानाचा चषक त्याच्या मावशीने म्हणे दार अडवायला ठेवला होता.

थोडक्यात, पहिला नंबर मिळाला म्हणजे काम फत्ते झालं, असं पहिल्या दिवसापासूनच नव्हतं. काय मागायचं हे ठाऊक असावं लागतं. ते ठरवण्याचं सगळ्यांत धाडसी उदाहरण मला डॅलस काउबॉइज या संघाचं वाटतं.

डॅलस हे टेक्सस राज्यातलं मोठं शहर. तिथे फुटबॉल म्हणजे जीव की प्राण. टॉम लँड्री हे प्रशिक्षक एकोणतीस हंगाम त्या संघाबरोबर होते. १९६६ पासून १९८५ पर्यंत सलग वीस वर्षं डॅलसने हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकले. पण मग उतरती कळा लागली. १९८८ साली सोळा सामन्यांत फक्त तीन विजय. फेब्रुवारी १९८९ मध्ये जेरी जोन्स यांनी संघ विकत घेतला, लँड्रींना काढून टाकलं आणि जिमी जॉन्सन यांना आणलं. जॉन्सन कॉलेजच्या संघाचे नामवंत प्रशिक्षक होते, पण या मोठ्या लीगमध्ये त्यांनी एकही सामना चालवला नव्हता. डॅलसचे लोक भयंकर संतापले. घरातल्या आजोबांना बाहेर काढावं तसं त्यांना वाटलं.

आता तुम्ही जॉन्सनच्या खुर्चीत बसा. पाटी घ्या. आपल्याकडे काय आहे ते लिहा.

एक, हर्शल वॉकर. रनिंग बॅक, वय सत्तावीस. १९८८ साली तो १५१४ वार धावला होता. संघाचा हुकमी एक्का. दोन, मायकेल अर्विन, तरुण रिसीव्हर, एकच हंगाम खेळलेला. पुढे? पुढे फारसं काही नाही. भरवशाचा क्वार्टरबॅक नाही, भिंत जुनी झालेली, बचाव ढिला. बैल तगडा, पण गाडीला चाकंच नाहीत!

सगळ्यांत खाली असल्यामुळे १९८९ च्या ड्राफ्टमध्ये पहिला नंबर डॅलसचा होता. त्यांनी ट्रॉय एकमन हा क्वार्टरबॅक मागितला. पुढच्या फेऱ्यांत भिंतीसाठी आणि बचावासाठी गडी घेतले. हंगाम सुरू झाला आणि पहिले पाचही सामने डॅलस हरलं! नवा मेंदू आला तरी हातपाय जुनेच ना.

आणि ऑक्टोबरात जॉन्सनच्या मनात एक विचार आला. वॉकरलाच देऊन टाकलं तर?

थांबा. लगेच 'वेडा आहे का हा?' म्हणू नका. त्यांचा हिशेब बघा. संघ नीट बांधायला तीन-चार वर्षं तरी लागणार. रनिंग बॅकला प्रत्येक सामन्यात शंभर-शंभर किलोच्या गड्यांचे धक्के खावे लागतात, त्यांची उमेद लवकर सरते. संघ तयार होईल तेव्हा वॉकर तिशी ओलांडलेला असेल. म्हणजे आपल्याला खरी गरज पडेल तेव्हा हा एक्का चालणार नाही, आणि आज चालतोय तर आज जिंकण्याइतके बाकीचे पत्ते हातात नाहीत! 'आपल्याकडे काय नाही' एवढंच विचारून भागत नाही. 'आहे ते कधी उपयोगी पडणार' हेही विचारावं लागतं. मला या साऱ्या गोष्टीत हाच भाग सगळ्यांत हुशारीचा वाटतो.

तिकडे मिनेसोटा व्हायकिंग्ज या संघाचा हिशेब नेमका उलटा होता. त्यांचा संघ चांगला होता, बचाव तर फारच. आपल्याला फक्त एक दमदार धावणारा हवा, तो मिळाला की सुपर बोल आपलाच, असं त्यांना वाटत होतं. १२ ऑक्टोबर १९८९ रोजी सौदा झाला. मिनेसोटाने वॉकरच्या बदल्यात पाच खेळाडू दिले, आणि त्यांच्याबरोबर येत्या तीन वर्षांतले ड्राफ्टमधले निवडीचे हक्क.

यात एक मेख होती. बरेचसे हक्क त्या पाच खेळाडूंना बांधलेले होते. डॅलसने एखाद्या खेळाडूला ठरलेल्या तारखेच्या आत सोडून दिलं, तरच त्याच्याबरोबरचा हक्क डॅलसला मिळणार. मिनेसोटाला वाटलं, चांगले खेळाडू आहेत, डॅलस त्यांना कशाला सोडेल? पण जॉन्सनना खेळाडू नकोच होते, हक्क हवे होते! त्यांनी सोडून देण्याची तयारी दाखवली. शेवटी पुन्हा बोलणी झाली. पाचांतला एक तर डॅलसला आलाच नव्हता. उरलेल्यांतले तीन डॅलसने ठेवूनही घेतले आणि हक्कही मिळवले. पहिल्या फेरीचे तीन, दुसऱ्या फेरीचे तीन, आणि आणखी दोन. एकाच्या बदल्यात आठ!

पण हे सगळं आज कळतं. त्या दिवशी डॅलसमध्ये लोक काय म्हणाले असतील? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलेत! आणि तसं वाटण्यासारखंच घडत होतं. वॉकर मिनेसोटाकडून पहिल्याच सामन्यात १४८ वार धावला. डॅलसने त्या वर्षी सोळांपैकी एकच सामना जिंकला. एकच! कोवळ्या एकमनने मार खाल्ला, त्याचं बोट मोडलं. तो ज्या अकरा सामन्यांत सुरुवातीपासून उतरला ते सगळे संघ हरला. हिशेब बरोबर असला तरी तो बरोबर आहे हे दिसायला वेळ लागतो, आणि मधल्या काळात रोज हरावं लागतं. मैदानावर पडणाऱ्या पोरांना हिशेबाचं काय सुख?

जॉन्सनचे सगळेच हिशेब बरोबर होते असंही नाही. एकमन हाताशी असताना त्यांनी त्याच उन्हाळ्यात पुरवणी ड्राफ्टमधून स्टीव्ह वॉल्श हा आणखी एक क्वार्टरबॅक घेतला. त्यांच्याच जुन्या कॉलेजचा मुलगा. पुरवणीत पहिल्या फेरीचा खेळाडू घेतला की पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा हक्क जातो. आणि डॅलस तळाला राहिल्यामुळे १९९० च्या ड्राफ्टचा अगदी पहिला नंबर त्यांचाच असता! तो गेला. एका घरात दोन मेंदू कशाला हवे होते? पुढे वॉल्शला न्यू ऑर्लिन्सला देऊन त्यांनी तीन हक्क मिळवले, म्हणून थोडं निभावलं.

आता १९९०. मिनेसोटाकडून आलेला एकविसावा नंबर हातात होता. तो आणि आणखी एक हक्क देऊन डॅलसने पिट्सबर्गकडून सतरावा नंबर घेतला, आणि एमिट स्मिथ या रनिंग बॅकला मागितलं. हा तर फक्त पाच फूट नऊ इंचांचा! घड्याळ लावून पळवलं तेव्हाही फार वेगवान भरला नाही. बुटका आहे, मंद आहे, असं पारखणाऱ्यांचं मत. सोळा जण त्याच्या आधी निवडले गेले. हाच बुटका पुढे १८,३५५ वार धावला. सगळ्या कारकिर्दीत मिळून याहून जास्त वार या लीगमध्ये अजून कुणी धावलेला नाही. पोलादी वॉकरच्या जागी एकवीस वर्षांचा एमिट आला, आणि संघ तयार होईपर्यंत तो ऐन भरात असणार होता.

बाकीचे हक्क जॉन्सननी तसेच ठेवले नाहीत. ते मोडले, जोडले, बदलले, जशी आपण सुट्ट्या पैशांची नोट करतो आणि नोटेचे सुट्टे. या घासाघिशीत फसायला होऊ नये म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्याने चक्क तक्ताच तयार केला. प्रत्येक नंबराला गुण! पहिल्याला ३०००, दुसऱ्याला २६००, पाचव्याला १७००, सोळाव्याला १०००, एकविसाव्याला ८००. पहिल्या-दुसऱ्यात चारशे गुणांचा फरक, पण एकतिसावा ६०० आणि बत्तिसावा ५९०, म्हणजे फरक फक्त दहाचा. वर चढत जावं तशी पायरी उंच होत जाते.

चला, एक गणित. तुमच्याकडे सोळावा आणि एकविसावा नंबर आहे. पाचव्या नंबरवाला म्हणतो, दोन्ही दे, माझा घे. द्याल? सोळावा नि एकविसावा मिळून १८००, आणि पाचवा १७००. शंभर गुणांचा तोटा. पण थांबा! तुम्हाला दोन भिडू हवे आहेत की एकच, पण फार चांगला? ते तक्ता सांगत नाही. ते तुमच्या संघाकडे बघूनच कळेल. पालकांनो, मुलांशी या गणितावर जरूर वाद घाला. शेरेकऱ्याचं गणित आणि शेतकऱ्याचं गणित यांत फरक का पडतो, हे त्यातून सहज निघेल.

आता या विषयातला जुना वाद. गरजेचा माणूस घ्यावा, की समोर असलेल्यांत सगळ्यांत गुणी असेल तो घ्यावा? १९८९ च्याच ड्राफ्टमध्ये डॅलसच्या मागोमाग ग्रीन बे पॅकर्सचा नंबर होता. त्यांनी भिंतीसाठी टोनी मँडरिच हा दणकट गडी घेतला. त्याच्या मागून अनुक्रमे बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस आणि डिऑन सँडर्स गेले. पहिल्या पाचांतले चार जण पुढे त्या खेळाच्या सन्मान-दालनात जाऊन बसले. राहिला तो फक्त मँडरिच. ग्रीन बेकडे तो तीन हंगामही धड गाजला नाही. बॅरी सँडर्सने मात्र दहा वर्षांत पंधरा हजारांहून जास्त वार कापले.

आपल्याकडचं उदाहरण हवंय? २००८ साली आयपीएलच्या पहिल्या वर्षी एकोणीस वर्षांखालच्या मुलांची निवड लिलावाने न होता अशाच ड्राफ्टने झाली. दिल्लीने प्रदीप सांगवान हा डावखुरा वेगवान गोलंदाज घेतला. फलंदाज त्यांच्याकडे पुष्कळ होते. मग दिल्लीचाच एक फलंदाज बंगळूरला गेला. त्याचं नाव विराट कोहली!

म्हणून काही गरज बघूच नये, असं मी म्हणणार नाही. सगळेच फलंदाज घेतले तर चेंडू कोण टाकणार? पण जागा रिकामी दिसली की मिळेल तो भरायचा, ही नुसती खोगीरभरती. डॅलसचं शहाणपण मला यात दिसतं की त्यांनी आधी हक्कांचा साठाच एवढा मोठा केला, की चार निवडी चुकल्या तरी दहा बरोबर निघाव्यात. कारण चुकणार हे नक्की. वीस-बावीस वर्षांचा मुलगा पाच वर्षांनी कसा होईल, हे घड्याळ आणि वजनकाटा लावून कळत नाही. आम्हा शिक्षकांना विचारा! पहिलीत पाटीवर भोपळे काढणारी मुलं चौथीत काय काय करून दाखवतात.

१९९१ साली पहिला नंबर सौद्यात मिळवून डॅलसने रसेल मेरीलँड हा बचावाचा गडी घेतला. १९९२ मध्ये केविन स्मिथ आणि डॅरन वुडसन आले. तेही बचावातलेच. या नावांमागे कुठे ना कुठे वॉकरचा सौदा होता. आणि निकाल बघा. १९८९ मध्ये एक विजय, १९९० मध्ये सात, १९९१ मध्ये अकरा, १९९२ मध्ये तेरा! ३१ जानेवारी १९९३ रोजी सुपर बोलमध्ये डॅलसने बफेलोला ५२-१७ असं धुतलं. सर्वोत्तम खेळाडू कोण? बोट मोडून घेतलेला ट्रॉय एकमन. पुढच्या वर्षी पुन्हा डॅलस, आणि जानेवारी १९९६ मध्ये तिसऱ्यांदा.

मिनेसोटाचं काय झालं? वॉकर वाईट खेळाडू नव्हता हो. पण तिथे एकाही हंगामात तो हजार वार धावला नाही, आणि १९९१ नंतर त्याने तो संघ सोडला. १९९० साली मिनेसोटा सोळांपैकी दहा सामने हरलं. डागडुजी करायला ड्राफ्टमधले वरचे हक्कही उरले नव्हते, ते सगळे डॅलसला दिलेले. 'फक्त एकच भिडू कमी आहे' हा हिशेब त्यांना असा महागात पडला. पुढे १९९६ मध्ये वॉकर पुन्हा डॅलसला आला आणि शेवटचे दोन हंगाम तिथेच खेळला.

आणि आता कच्च्या लिंबाकडे वळू. १९९१ च्या ड्राफ्टला बारा फेऱ्या होत्या. शेवटच्या, बाराव्या फेरीत डॅलसने लॅरी ब्राउन नावाचा बचावातला मुलगा घेतला. डॅलसच्या शेजारच्याच फोर्ट वर्थ शहरातल्या कॉलेजचा. नंबर किती? तीनशे विसावा!

१९९५ च्या हंगामात त्याच्या जोडीला मैदानाच्या दुसऱ्या बाजूला उभा होता डिऑन सँडर्स. हो, १९८९ चा तोच पाचवा नंबर, जो आता डॅलसला येऊन मिळाला होता. त्याच्या बाजूला चेंडू फेकायची कुणाची छाती होईना. म्हणून सगळे ब्राउनच्या बाजूला फेकत. जानेवारी १९९६ च्या सुपर बोलमध्ये पिट्सबर्गनेही तेच केलं. ब्राउनने त्यांचे दोन चेंडू हवेतच हिसकावून घेतले, डॅलस २७-१७ ने जिंकलं, आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तो लॅरी ब्राउन.

आता ड्राफ्टला सातच फेऱ्या असतात. जेमतेम अडीचशेच्या वर नावं पुकारतात आणि सभा उठते. तीनशे विसावा नंबर आता निघतच नाही.